वाफेचा ताळा : साखर कारखान्यातील बाष्पीभवन, इंधनाची बचत आणि गणिती प्रारूप



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या गणिताच्या तासाला बसलेल्या प्रत्येकाला एक शब्द आठवत असेल. तो शब्द म्हणजे ‘ताळा’. उत्तर बरोबर आले तरी ताळा पाहिल्याखेरीज गुरुजी वहीवर बरोबरची खूण करीत नसत. पुढे साखर कारखान्यात नोकरी करताना मी ज्याला गणिती प्रारूप म्हणू लागलो, ते मुळात गुरुजींच्या ताळ्याचेच मोठे रूप होते, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षे लागली. त्या ताळ्याची हकिकत मी आज सांगणार आहे. विषय तांत्रिक असला तरी तो आपल्या अंगणातला आहे. अथणी, चिकोडी, रायबाग, गोकाक या तालुक्यांत हंगामात उसाच्या गाड्यांची रांग ज्याने पाहिली नाही, असा या सभागृहात विरळाच असेल.

पाणी उडवण्याची किंमत

साखर कारखाना साखर तयार करतो असे आपण म्हणतो. खरे पाहता साखर उसाने शेतातच तयार केलेली असते. कारखान्याचे मुख्य काम त्या साखरेभोवतीचे पाणी दूर करणे हे होय. स्वच्छ केलेल्या रसात शंभर भागांत सुमारे पंधरा भाग विरघळलेले घन पदार्थ असतात, बाकी सारे पाणी. पॅनमध्ये साखरेचे दाणे धरण्यापूर्वी हा रस साठ भागांपर्यंत आटवून त्याचे सिरप करावे लागते. या प्रमाणाला आमच्या व्यवसायात ‘ब्रिक्स’ म्हणतात. पंधरा ब्रिक्सचा शंभर टन रस साठ ब्रिक्सपर्यंत आटवला, तर पंचवीस टन सिरप उरते आणि पंचाहत्तर टन पाणी वाफ होऊन जाते.

हे पाणी फुकट जात नाही. एक किलो पाणी ३० अंशांपासून उकळबिंदूपर्यंत तापवायला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. परंतु उकळबिंदूला आलेल्या त्याच पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे तापवण्याच्या सातपटींहून अधिक. आणि एवढी उष्णता पिऊनही पाण्याचे तापमान एका अंशानेही वाढत नाही. ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या आरंभी या अप्रकट उष्म्याचा शोध लावला. बाष्पीभवनाचे सारे अर्थशास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. वाफ होताना पाणी जी उष्णता पोटात घेते, ती नाहीशी होत नाही. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती सारीच्या सारी परत मिळते. प्रश्न एवढाच, की ती परत घ्यायला आपण तेथे भांडे ठेवले आहे काय?

आपल्या गुऱ्हाळात तसे भांडे नसते. चुलवाणावर काहील चढते, जळव्या चिपाडे सारीत राहतो आणि काहिलीतून उठणारी वाफ आभाळात जाते. त्या वाफेबरोबर चिपाडांची बहुतेक उष्णताही जाते. छोट्या प्रमाणावर हे परवडते. पण तासाला शंभर टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचा हिशेब मांडून पाहा. एवढ्या उसापासून रसही साधारण तेवढाच निघतो, म्हणजे तासाला पंचाहत्तर टन पाणी उडवायचे. उसाच्या सुमारे तीस टक्के, म्हणजे तीस टन चिपाड मिळेल. बॉयलरमध्ये एक टन ओल्या चिपाडापासून सव्वादोन टनांच्या आसपास वाफ निघते. तेव्हा सारे चिपाड जाळले तरी सदुसष्ट-अडुसष्ट टन वाफ. एकपदरी पद्धतीने एक टन पाणी उडवायला निदान एक टन वाफ लागते. म्हणजे घरचे सर्व इंधन संपूनही रस आटणार नाही, आणि पॅनसाठी काहीच उरणार नाही.

रिल्यू यांची युक्ती

या कोड्याचे उत्तर ज्याने दिले, त्याचे नाव नॉर्बेर रिल्यू. त्यांचा जन्म १८०६ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे झाला. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय वंशाची स्वतंत्र स्त्री. गुलामगिरीच्या त्या काळात अशा मुलाला आपल्या गावी उच्च शिक्षण मिळणे अशक्यच होते. त्यांनी ते पॅरिसमध्ये घेतले आणि तेथे अध्यापनही केले. मायदेशी लुइझियानात रस आटवण्याची जी रीत होती, तीत उघड्या कढयांची एक रांग असे आणि उकळता रस एका कढईतून दुसरीत पळ्यांनी ओतण्याचे काम गुलामांना करावे लागे. भाजणे, होरपळणे हे नित्याचेच. १८४३ आणि १८४६ या साली रिल्यू यांनी आपल्या यंत्राची एकस्वे घेतली आणि त्या यंत्राने कढयांची ती रांगच निकालात काढली.

त्यांची युक्ती सांगायला सोपी आहे. बंद भांडी एकापुढे एक ठेवावीत. पहिल्या भांड्यातील नळ्यांभोवती बाहेरून आणलेली वाफ सोडावी. त्या भांड्यातील रसातून जी वाफ उठेल ती आभाळात न सोडता दुसऱ्या भांड्याच्या नळ्यांभोवती न्यावी. दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. परंतु दुसऱ्याच्या वाफेने तिसरे भांडे उकळायचे, तर तिसरे तिच्यापेक्षा कमी तापमानाला उकळले पाहिजे. त्यासाठी भांड्यागणिक दाब उतरवीत न्यायचा आणि शेवटच्या भांड्यात चांगला निर्वात ठेवायचा. पहिले भांडे १०५ ते ११० अंशांना उकळते, तर शेवटचे सुमारे ५५ अंशांना. या भांड्यांना कारखान्यात ‘बॉडी’ म्हणतात आणि चार बॉडींच्या संचाला ‘क्वाड’.

रिल्यू यांच्या नावाने तीन तत्त्वे आजही शिकवली जातात. पहिले : चार बॉडींच्या संचात एक किलो वाफ सुमारे चार किलो पाणी उडवते. म्हणजे आपल्या उदाहरणात पंचाहत्तर टनांऐवजी एकोणीस टन वाफ पुरे; पाच बॉडी असतील तर पंधरा. दुसरे : मधल्या एखाद्या बॉडीची वाफ काढून तिने कारखान्यातील दुसरे काही तापवले, तर आणखी बचत होते. तिसरे : वाफेबरोबर येणारी हवा व इतर न निवळणारे वायू नळ्यांभोवतून सतत काढून टाकले पाहिजेत. या तिसऱ्या तत्त्वाकडे माझ्यासारख्या शिकलेल्यांचे फार दुर्लक्ष होते. त्याची कहाणी पुढे येईल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बॉडी वाढवल्या म्हणजे पाणी जास्त उडते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर कोसळतो. त्या उंचीचे चार टप्पे करून चार चक्रे बसवली, तर प्रत्येक चक्राच्या वाट्याला चौथाई उतार येईल. उंची वाढणार नाही. इव्हॅपोरेटरच्या संचाचा उतार म्हणजे १२० अंशांच्या वाफेपासून ५५ अंशांपर्यंतचे ६५ अंश. साखरेचे पाणी साध्या पाण्यापेक्षा थोड्या जास्त तापमानाला उकळते. साठ ब्रिक्सला हा फरक तीन अंशांच्या घरात असतो. भांड्यातील रसाच्या वजनामुळेही तळाशी उकळबिंदू चढतो. ही घट वजा जाता जो उतार उरतो, तो चार किंवा पाच बॉडींना वाटून घ्यावा लागतो. बॉडी वाढल्या की प्रत्येकीचा वाटा घटतो, आणि म्हणून तेवढेच पाणी उडवायला प्रत्येकीत नळ्यांचे क्षेत्रफळ जास्त लागते. वाफ वाचते, पण तांबे-पोलादाचा खर्च वाढतो. कोठे थांबायचे, हे अंदाजाने ठरत नाही. त्याला हिशेब लागतो.

प्रारूप म्हणजे काय

आता ‘प्रक्रियेचे गणिती प्रारूप’ या भारदस्त शब्दाकडे वळू. प्रत्येक बॉडीसाठी चार साध्या गोष्टी लिहायच्या. एक, आत आलेला रस म्हणजे बाहेर गेलेला रस अधिक उडालेले पाणी. दोन, आत आलेले घन पदार्थ म्हणजे बाहेर गेलेले घन पदार्थ. कारण साखर उडत नाही. तीन, आत आलेली उष्णता म्हणजे बाहेर गेलेली उष्णता. आणि चार, नळ्यांमधून रसाकडे जाणारी उष्णता तीन गोष्टींवर अवलंबून असते : नळ्यांचे क्षेत्रफळ, दोन बाजूंच्या तापमानांतील फरक आणि उष्णता किती सहज पलीकडे जाते ते सांगणारा एक गुणांक. पहिल्या तीन ओळी म्हणजे वाण्याच्या खतावणीतली जमा-नावे. चौथीत मात्र त्या यंत्राची प्रकृती लिहिलेली असते. पातळ रसाच्या पहिल्या बॉडीत हा गुणांक मोठा असतो, घट्ट सिरपच्या शेवटच्या बॉडीत त्याचा तिसरा-चौथा हिस्सा उरतो. नळ्यांना आतून खर धरली की तो आणखी घसरतो.

या समीकरणांची अडचण अशी, की ती एकमेकांत अडकलेली असतात. दुसऱ्या बॉडीला किती वाफ मिळेल हे पहिलीवर अवलंबून, आणि पहिलीतील दाब किती राहील हे दुसरी ती वाफ किती वेगाने घेते त्यावर. म्हणून सुरुवातीला तापमाने अंदाजाने धरायची, सारे गणित करायचे, शेवटी सिरप किती ब्रिक्सचे आले ते पाहायचे, चुकले असेल तर तापमाने सुधारून पुन्हा पहिल्यापासून. पूर्वी वाफेची कोष्टके शेजारी ठेवून हे काम कागदावर करताना दिवस जात असे. आज संगणकावरील साधा तक्ता ते डोळ्याची पापणी लवण्याआधी करतो. मात्र संगणकाने गणित जलद केले. ताळा पाहण्याची जबाबदारी आपल्याकडेच ठेवली.

अशा प्रारूपाचा उपयोग पाहा. तासाला शंभर टन कच्चा रस ३० अंशांपासून ७० अंशांपर्यंत तापवायचा आहे. बॉयलरघराकडून येणाऱ्या एक्झॉस्ट वाफेने तो तापवला, तर सुमारे साडेसहा टन वाफ लागते. आता त्याऐवजी क्वाडच्या दुसऱ्या बॉडीतून वाफ काढली तर? ती वाफ आधीच दोनदा कामाला आलेली आहे. ती काढल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या बॉडीत जे पाणी उडाले असते ते उडत नाही. ते भरून काढण्यासाठी पहिल्या बॉडीत काढलेल्या वाफेच्या निम्मी वाफ जास्त द्यावी लागते. म्हणजे निव्वळ बचत निम्मी : तासाला सव्वातीन टन वाफ. चिपाडांत मोजली तर तासाला सुमारे दीड टन, दिवसाला छत्तीस टन आणि एकशेवीस दिवसांच्या हंगामात चार हजार टनांच्या वर. तिसऱ्या बॉडीतून काढली तर बचत पाऊणपट, पण तिचे तापमान कमी असल्याने रस तापवायच्या नळ्या वाढवाव्या लागतात. शेवटच्या बॉडीची वाफ तर फुकटचीच. पण ती कोमट, कच्च्या रसाची थंडी मोडण्यापुरती.

पण कागदावरील या बचतीला एक अट आहे. दुसऱ्या बॉडीतून वाफ काढायची तर पहिल्या दोन बॉडींनी पूर्वीपेक्षा जास्त पाणी उडवले पाहिजे. तेवढे क्षेत्रफळ त्यांच्यात आहे काय? नसेल तर सिरप पातळ येईल आणि वाचवलेली वाफ पॅनमध्ये खर्ची पडेल. पहिल्या बॉडीचे तापमान वाढवून उतार वाढवावा म्हटले, तर जास्त उष्णतेत फार वेळ राहिलेल्या रसातील साखर फुटते आणि रंग चढतो. म्हणून तर पुढे नळ्यांच्या आतून रसाचा पातळ पडदा वेगाने खाली सोडणारे इव्हॅपोरेटर पहिल्या जागी आले. आणखी एक गोष्ट. टर्बाइनमधून विजेसाठी निघणारी एक्झॉस्ट वाफ तेवढीच राहिली आणि बॉयलिंग हाउसने तिचा वापर कमी केला, तर उरलेली वाफ छपरावरून सोडून द्यावी लागते. एका खोलीतली बचत दुसऱ्या खोलीतला अपव्यय ठरते. सबंध घराचा हिशेब एकत्र मांडल्याखेरीज हे दिसत नाही. एके काळी उसाच्या वजनाच्या पन्नास टक्के किंवा अधिक वाफ वापरणे आपल्याकडे नेहमीचे होते. आज चांगले कारखाने चाळीस टक्क्यांच्या खाली आले आहेत आणि वाचलेल्या चिपाडावर वीज तयार करून विकत आहेत. हा बदल एखाद्या जादूच्या यंत्राने झालेला नाही. वाफ कोठून कोठे जाते याचा बारकाईने हिशेब ठेवल्याने झाला आहे.

माझी चूक

आता माझी स्वतःची कहाणी. मी तरुण असताना एका कारखान्यात होतो. हंगाम ऐन भरात होता आणि सिरप साठाऐवजी बावन्न ब्रिक्सचे येऊ लागले. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण साठ ब्रिक्सला जिथे पंचवीस टन सिरप होते, तिथे बावन्नला ते जवळजवळ एकोणतीस टन होते. हे वरचे पावणेचार टन पाणी पॅनमध्ये उडवावे लागते, आणि पॅन एकपदरी. क्वाडमध्ये जे काम टनभराहूनही कमी वाफेत झाले असते, त्याला पावणेचार टन वाफ जाते. चिपाडाचा ढीग दिसामाशी घटू लागला, बाहेरून लाकूड विकत आणण्याची बोलणी सुरू झाली आणि व्यवस्थापन नवी बॉडी घेण्याचा विचार करू लागले.

मी उत्साहाने प्रारूप मांडले. दोन रात्री बसून आकडे बसवले. उत्तर स्पष्ट होते : तिसऱ्या बॉडीचा गुणांक असायला हवा त्याच्या निम्माही नव्हता. मी सांगितले, “नळ्यांना खर धरली आहे. नवी बॉडी नको, तिसरी साफ करा.” माझ्या शब्दावर गाळप थांबले. कॉस्टिक सोड्याने उकळून, नळ्यांतून ब्रश फिरवून बॉडी लख्ख केली. ते सोळा तास गाड्या आवारात उभ्या होत्या. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरही घटते. बैलांना वैरण टाकून माणसे गाडीखाली झोपली होती, ते चित्र मी विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी क्वाड सुरू झाले. सिरप आले त्रेपन्न ब्रिक्सचे.

मी खजील होऊन बॉडीजवळ उभा होतो. क्वाडवर वीस हंगाम काढलेले एक कामगार मामा जवळ आले. म्हणाले, “साहेब, तिसरीच्या कॅलेंड्रियाला जरा हात लावून बघा की. या अंगाला भाजतंय, अन् पलीकडं गारच लागतंय.” मी हात लावला. खरेच एका बाजूचा पत्रा कोमट होता. तिथे वाफ पोहोचतच नव्हती. न निवळणारे वायू कोंडून बसले होते. ते बाहेर काढणाऱ्या नळीची झडप उघडी दिसत होती, चाकही फिरत होते. पण आतला पडदा दांड्यापासून सुटून तळाशी बसला होता. नवी झडप लावली आणि ती पाळी संपायच्या आत सिरप एकोणसाठावर गेले.

मला सर्वांत जास्त बोचली ती दुसरीच गोष्ट. त्या कॅलेंड्रियातील दाबावरून वाफेचे जे तापमान यायला हवे होते, त्यापेक्षा तेथील तापमापक काही अंश कमी दाखवीत होता. दाबमापकाला वाफ आणि हवा दोन्ही सारख्याच. तापमापकाला मात्र फक्त वाफेच्या वाट्याचा दाब कळतो. हा फरक म्हणजे हवेने दिलेली वर्दीच होती. ती मला मिळालीही होती. पण तापमापक बिघडला असावा असे ठरवून मी तो आकडा खोडला आणि दाबावरून काढलेला आकडा घातला, कारण तसे केले की माझा ताळा जुळत होता. शाळेत हे केले असते, तर गुरुजींनी वही बाकावरून खाली टाकली असती.

ताळ्याचा अर्थ

या प्रसंगातून मी जे शिकलो, तेच आज सांगायचे आहे. प्रारूपाने मला खोटे सांगितले नव्हते. चारांपैकी नेमकी कोणती बॉडी आजारी आहे, हे त्याने अचूक दाखवले होते. एका नव्या बॉडीचा खर्चही त्याने वाचवला. पण गुणांक का घसरला, खर म्हणून की हवा म्हणून, हे त्याच्या चार ओळींत लिहिलेलेच नव्हते. ते मी माझ्या मनाने लिहिले. प्रारूप जागा दाखवते. कारण शोधायला माणसाला तेथवर चालत जावे लागते, आणि तेथे आधीपासून उभ्या असलेल्या माणसाचे ऐकावे लागते.

आज यंत्रांवर शेकडो तापमापक आणि दाबमापक बसले आहेत आणि प्रारूपे क्षणाक्षणाला चालतात. कागद कारखान्यातील काळा द्रव, दुधाची भुकटी, समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी, जेथे जेथे पाणी उडवायचे तेथे तेथे हेच चार ओळींचे गणित वेगवेगळ्या वेषांत वावरते. काही ठिकाणी वाफ यंत्राने दाबून, तिचे तापमान चढवून पुन्हा त्याच भांड्याला देतात. साधने बदलली, पण हिशेब जुळवण्यासाठी नकोसा आकडा खोडण्याचा मोह बदललेला नाही. उलट संगणकाच्या पडद्यावर तो अधिक सभ्य दिसतो.

गुरुजी म्हणत, “ताळा जुळला तर एवढेच कळते की चूक सापडली नाही. जुळला नाही, तर काहीतरी नवे कळायची वेळ आली.” तेव्हा आम्हाला ते बोल कोरडे वाटत. त्यांच्या या बोलाची किंमत गाडीखाली झोपलेल्या त्या माणसांनी माझ्याऐवजी एका रात्रीपुरती मोजली. या शाळेतून आज जी मुले विज्ञानाकडे जात आहेत, त्यांच्या हाती आमच्यापेक्षा कितीतरी समर्थ साधने येतील. त्यांनी ती जरूर वापरावीत. पण न जुळणारा आकडा खोडण्याआधी एकदा उठून यंत्राला हात लावून यावे, एवढीच या माजी विद्यार्थ्याची विनंती. गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून मी आपली रजा घेतो.